पाण्याची वाट : जुन्या गेमिंग संगणकासाठी कस्टम लूप आखताना

जानेवारी २०११मध्ये इंटेलचा कोअर आय-सेव्हन २६००के हा प्रोसेसर बाजारात आला. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झचा मूळ वेग आणि ९५ वॉटची मर्यादा. त्यानंतर कितीतरी पिढ्या आल्या नि गेल्या, तरी हा प्रोसेसर बसवलेली कॅबिनेटं अजून लोकांच्या टेबलाखाली चालू आहेत. तो ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत फारशी कुरकुर न करता चढतो, आणि त्याच्या सिलिकॉनवरचं धातूचं झाकण सोल्डरने जोडलेलं आहे. पुढच्याच वर्षीच्या आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने सोल्डरच्या जागी थर्मल पेस्ट भरली. ते प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना इतके तापू लागले, की हौशी लोक झाकण उचकटून आतली पेस्ट बदलायला लागले. २६००के ज्या पिढीतला, त्या सँडी ब्रिजच्या बाबतीत ती पाळी येत नाही, आतली उष्णता सरळ झाकणापर्यंत पोचते. जोडीला २०१५चं जीटीएक्स ९८० टीआय हे २५० वॉटचं ग्राफिक्स कार्ड धरलं, की त्या काळचा उत्तम गेमिंग संगणक तयार होतो. या लेखात हाच संगणक समोर ठेवला आहे.

अशा यंत्राला पाणी कशासाठी, हे आधी ठरवायला हवं. पाण्याने तो नवा होणार नाही. या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ सूचना नाहीत, त्यामुळे त्यांची सक्ती करणारे नवे गेम त्यावर चालणारच नाहीत. विंडोज ११च्या अधिकृत यादीतही तो नाही. मिळतं ते वेगळं. ९८० टीआयच्या मूळ आवृत्तीवर एकच ब्लोअर पंखा असतो. कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं, की ते आपला वेग उतरवू लागतं आणि पंखाही किंचाळायला लागतो. तेच कार्ड पाण्याखाली पन्नाशीच्या आत-बाहेर राहतं, गरमीपायी वेग उतरत नाही आणि खोली शांत होते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे आवडते गेम त्याच यंत्रावर, पण आवाजाविना खेळायचे असतील, तर हा खटाटोप सार्थकी लागतो. नव्या गेममध्ये जास्त फ्रेम हव्या असतील, तर हेच पैसे नव्या कार्डात घालावेत.

संगणकाला पाण्याने थंड करणं ही गेमिंगवाल्यांची कल्पना नव्हे. आयबीएमच्या १९६०च्या दशकातल्या मोठ्या यंत्रांमध्येही पाणी फिरत होतं. १९८०मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१मध्ये तर शंभराहून जास्त चिप एका तळहाताएवढ्या मॉड्यूलमध्ये बसवल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला एक दट्ट्या, आत हेलियम आणि वर पाण्याची थंड पाटी, अशी ती रचना होती. पुढे १९९०च्या दशकात सीमॉस चिप आल्या, उष्णता घटली आणि मोठी यंत्रं पुन्हा हवेवर गेली. आता पाणी परत आलं आहे. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरवरच्या पाट्यांमधून फिरतो.

घरगुती लूपची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या बंद फेरीची, सुरुवात मात्र भंगारातून झाली. २०००च्या आसपास अमेरिकेतली हौशी मंडळी जुन्या मोटारींच्या हीटरमधले छोटे रेडिएटर काढून आणत आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून पाणी फिरवत. चिपवर बसणारा ब्लॉक तर घरीच तांब्याच्या तुकड्यात भोकं पाडून बनवला जाई. आज पेटीबंद मिळणारा प्रत्येक भाग त्या खटपटीतून घडला आहे, आणि म्हणूनच या भागांमागचा हिशेबही घरच्या घरी मांडता येतो.

तो हिशेब असा. ओव्हरक्लॉक केलेला २६००के पूर्ण भाराखाली दीडशे वॉटच्या घरात जातो. कार्डाचे २५० आणि पंपाचे वीसेक धरले, की पाण्यात सुमारे ४२० वॉट उष्णता पडते. अशा लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी असतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे रेडिएटर नसता, तर दर दहा सेकंदांना पाणी एका अंशाने चढलं असतं आणि पाच मिनिटांत ३०चं ६० झालं असतं. पाणी उष्णता गिळत नाही, फक्त वाहून नेतं. ती शेवटी खोलीच्या हवेतच सोडायची असते, आणि ते काम रेडिएटरचं.

म्हणून आखणीला सुरुवात करायची ती मोजपट्टी घेऊन, कॅबिनेटपासून. रेडिएटर पंख्यांच्या मापात मिळतात : १२० मिलिमीटरचा एक पंखा, दोनांचा २४०, तिनांचा ३६०. १४०च्या पंख्यांसाठी २८०. मुरलेले लोक ढोबळ हिशेब धरतात, की मंद फिरणाऱ्या पंख्यामागे १२०च्या एका घराने शंभरेक वॉट वाहून न्यावेत आणि पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशच वर राहावं. आपल्या ४२० वॉटना त्यामुळे पाच घरं पुरतात, म्हणजे एक ३६० आणि एक २४०. जुन्या कॅबिनेटची अडचण इथे कळते. त्या काळी पुढचा भाग हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यांना आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यांना दिलेला असे. तो पिंजरा रिव्हेट ड्रिल करून काढला, की बहुतेकदा पुढे ३६०ची जागा निघते. छतावर रेडिएटर लावताना खाली मदरबोर्डच्या हीटसिंकपर्यंत किती अंतर उरतं, ते पाहावं. ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५चा पंखा मिळून ५५ मिलिमीटर होतात, आणि प्रोसेसरच्या वीजजोडणीची तार नेमकी तिथूनच जाते. जाड रेडिएटरचा मोह टाळावा. मंद पंख्यांना ६० मिलिमीटरच्या जाळीतून हवा ढकलणं जड जातं. त्यापेक्षा पातळ रेडिएटर एकाऐवजी दोन लावावेत.

पंपाबद्दल मी ठाम आहे. डी-फाइव्ह घ्यावा. मूळ जर्मनीच्या लाइंग कंपनीचा हा पंप आज वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांखाली विकला जातो. त्याचा फिरता भाग एका सिरॅमिक गोळीवर तोललेला असतो. पाण्याबाहेर येणारा दांडा नाही, म्हणून झिजणारं सीलही नाही. बारा व्होल्टवर तो वीस-तेवीस वॉट खातो आणि जवळजवळ चार मीटर उंचीपर्यंत पाणी चढवण्याइतका दाब देतो. कॅबिनेटमधल्या फूट-दीड फुटासाठी एवढा दाब कशाला, असं वाटेल. पण खरा अडथळा उंचीचा नसून ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटींचा असतो. दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटर एका माळेत असताना डी-फाइव्हकडून मिनिटाला तीन-चार लिटर प्रवाह मिळतो. मात्र त्याची बेअरिंग पाण्यानेच भिजते आणि पाण्यानेच थंड राहते. तो क्षणभरही कोरडा चालवू नये. रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची टाकी, नेहमी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर असावा.

लूपच्या क्रमाचा नियम एवढाच. नवखे लोक बाकीच्या क्रमावर विनाकारण डोकं शिणवतात : आधी प्रोसेसर की आधी कार्ड, दोघांच्या मधे रेडिएटर हवाच का, वगैरे. मिनिटाला चार लिटर पाणी ४२० वॉट उचलतं तेव्हा संपूर्ण फेरीत ते जेमतेम दीड अंशाने तापतं. म्हणजे लूपमध्ये कुठेही बोट ठेवलं तरी पाणी जवळपास तेवढंच गरम. नळ्या जिथून सरळ आणि आखूड जातील तो क्रम योग्य. सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी काढायचा एक व्हॉल्व मात्र हवा, नाहीतर पुढच्या साफसफाईच्या दिवशी पूर्ण कॅबिनेट उलटं करावं लागेल.

जुन्या यंत्राची खरी परीक्षा ब्लॉकपाशी होते. प्रोसेसरचा ब्लॉक मिळणं सोपं. २००९च्या एलजीए ११५६पासून २०२०च्या एलजीए १२००पर्यंत इंटेलने मदरबोर्डवरची चार भोकं ७५ मिलिमीटर अंतरावरच ठेवली, त्यामुळे २६००केच्या ११५५ सॉकेटला या साऱ्या काळातले ब्लॉक बसतात. २०२१च्या एलजीए १७००ने ते अंतर ७८ केलं, तेव्हा नवा ब्लॉक घेताना सोबत जुनी पट्टी येते का, ते विचारून घ्यावं. कार्डाचं तसं नाही. फुल कव्हर ब्लॉक त्या-त्या कार्डाच्या बोर्डानुसार कापलेला असतो, आणि दहा वर्षं जुन्या कार्डासाठी आता कोणी नवा बनवत नाही. तो वापरलेलाच शोधावा लागतो. इथे एक सोय आहे. ९८० टीआय आणि मॅक्सवेल पिढीतला टायटन एक्स यांचा मूळ बोर्ड सारखाच असल्याने एकाचा ब्लॉक दुसऱ्याला चालतो. पण कार्ड एखाद्या कंपनीने स्वतःचा बोर्ड वापरून बनवलं असेल, तर ही सोय संपली. खरेदीआधी कार्डाचा बोर्ड फोटोशी ताडून पाहावा. जुना ब्लॉक घरी आला, की उघडून आतल्या तांब्याच्या बारीक पात्या मऊ टूथब्रशने घासाव्यात आणि कडक झालेलं रबरी ओ-रिंग बदलावं. निकेलचा मुलामा पोपडे धरत असेल, तर तो ब्लॉक घेऊच नये.

पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग, व्हीआरएम. उभ्या हीटसिंकचा मोठा पंखा जाता-जाता त्या भागालाही वारा घालत असतो. तो काढून ब्लॉक लावला, की प्रोसेसर गार पडतो आणि शेजारचा व्हीआरएम मात्र कोंडलेल्या हवेत भाजत राहतो. पंधरा वर्षं जुन्या, ओव्हरक्लॉक केलेल्या बोर्डावर हे धोक्याचं आहे. तिथे रोखलेला एक छोटा पंखा आखणीत पहिल्या दिवसापासून धरावा.

धातूंचा नियम कडक आहे. तांबं, पितळ आणि निकेल एका लूपमध्ये नांदतात, ॲल्युमिनियम नाही. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला, तर त्या पाण्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्वस्त रेडिएटर घेताना ही खात्री आधी करावी.

फिटिंगच्या आट्यांचं माप जी-पाव इंच, म्हणजे आपल्याकडे प्लंबर वापरतात त्याच बीएसपी मापातलं. सवयीने कोणीही तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायला जाईल. तसं करू नये. ही जोडणी ओ-रिंगच्या दाबाने बंद होते, टेपची जाडी ती उलट बिघडवते आणि ॲक्रिलिकचा रिझर्व्हॉयर तडकवते. हाताने घट्ट, एवढंच पुरे.

पाण्याबाबत आपल्याकडे घोटाळा सर्रास होतो. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. डिस्टिल्ड वॉटर हवं, आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं द्रव्य, किंवा मग तयार कूलंट. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. शुद्ध पाणी वीज वाहून नेत नाही हे खरं असलं, तरी लूपमधून फिरताना ते धातूंचे आयन उचलतं आणि काही काळाने वाहू लागतं. गळती निरुपद्रवी ठरेल या भरवशावर राहू नये. दुधी, रंगीत कूलंट फोटोत देखणी दिसतात, पण त्यांचे कण ब्लॉकच्या फटींत बसतात. जुन्या यंत्रात ती नकोतच.

महाराष्ट्रात आखणी करताना मे महिना धरूनच करावी. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर पारा ४५वर असताना बंद खोली ३८ अंशांवर असेल, तर पाणी पन्नाशीला टेकणार. डी-फाइव्हची मर्यादा ६० अंशांची आहे आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमारास नरम पडू लागतात. विदर्भात म्हणून पाचांऐवजी सहा घरं घ्यावीत आणि नळ्या ईपीडीएम रबराच्या घ्याव्यात. त्या काळ्या, अपारदर्शक असतात, फोटोला बऱ्या दिसत नाहीत, पण त्यांतून प्लास्टिसायझर झिरपत नाही आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. कोकणातल्या पावसाळी दमटपणाची भीती मात्र अनाठायी आहे. पाणी नेहमी खोलीपेक्षा कोमटच राहत असल्याने नळ्यांवर दव धरत नाही. धरेल ते चिलर लावला तरच.

जोडणीआधी नवे रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने हलवून-हलवून धुवावेत, त्यांत कारखान्यातला फ्लक्स उरलेला असतो. लूप भरताना मदरबोर्डला वीज जाता कामा नये. एसएमपीएसची २४ पिनांची जोडणी काढून तिच्यातली सोळावी पिन, बऱ्याच एसएमपीएसवर तीच हिरवी तार असते, काळ्या तारेला जोडली, की फक्त पंप चालवता येतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरून एक पूर्ण दिवस पाणी फिरू द्यावं. कॅबिनेट अधूनमधून कलतं करावं, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेली हवा निघते. कागद कोरडे राहिले, तरच बाकीच्या तारा जोडाव्यात.

आता पैशांचं. हे सारं नवं घेतलं, तर खर्च बहुधा त्या संगणकाच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून खर्चाची विभागणी विचाराने करावी. पंप, रेडिएटर, फिटिंग आणि पंखे उद्या नव्या संगणकातही जातील. ते नवे आणि चांगले घ्यावेत. ब्लॉक या यंत्राबरोबरच संपणार. त्यांवर कमीत कमी खर्च करावा, वापरलेले चालतील. आणि आतला एसएमपीएस दहा वर्षांचा झाला असेल, तर पाण्याचा एकही भाग मागवण्याआधी तो बदला.