गल्लीतील रेंज आणि संगणकातील शहर

दुकानाच्या आतल्या खोलीत फोन मुका आणि ओट्यावर आले की लगेच बोलू लागतो, हा अनुभव बहुतेक व्यापारी बांधवांना आहे. आता गिऱ्हाईक पैसेही फोनवरूनच देते. व्यवहार मध्येच अडकला की माल त्याच्या हातात, पैसे अधांतरी आणि मागे रांग. तेव्हा टॉवर कोठे उभारावा हे कसे ठरवितात, ते आपणही समजून घेतलेले बरे.

प्रत्येक गच्चीवर टॉवर उभारून पाहणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून आधी संगणकावर शहराची नक्कल तयार करून तीत फोन चालवून पाहतात. या कामाचा एक मोठा पाया जपानमध्ये घातला गेला. ओकुमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात लहरींची ताकद मोजून १९६८ साली तिचे आलेख प्रसिद्ध केले. १९८० साली हाता यांनी त्या आलेखांवरून सूत्र बसविले. मात्र हे सूत्र १ ते २० किलोमीटर अंतरासाठी आहे. ते वस्तीची सरासरी सांगते. तुमच्या दुकानासमोरची चार मजली इमारत त्याला दिसत नाही.

दाट वस्तीत लहर क्वचितच सरळ येते. ती भिंतीवर आपटते, छपराच्या कडेवरून वळते, लोखंडी शटरवरून परत फिरते. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी कोठे एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, म्हणून फोन वीतभर सरकविला तरी फरक पडतो. आपल्याकडे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ५जीचा ३३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा तर जाड भिंतीपुढे आणखी लवकर दमतो. नक्कल खरी व्हायची तर इमारतींचा नकाशा उंचीसह घालून या वाटा शोधाव्या लागतात.

दुसरा प्रश्न माणसांचा. अनेक अभ्यासक संगणकातील माणसांना वाटेल त्या बिंदूकडे सरळ रेषेत चालवीत. रस्ता नाही, जिना नाही, भिंतीतूनही आरपार! २००३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की या पद्धतीत माणसांचा सरासरी वेग वेळेबरोबर घटतच जातो, म्हणजे हिशेब मुळातच चुकतो. पुढे डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी इमारतींचा नकाशा, लहरींच्या वाटा आणि लोकांचा दिनक्रम यांची सांगड घातली. माणूस कचेरीत केव्हा येतो, जेवायला केव्हा बाहेर पडतो, हे त्यांनी अमेरिकेतील पाहण्यांवरून घेतले.

पण तो दिनक्रम मुंबईच्या मोहम्मद अली रोडला कसा लागू पडावा? रमजानमध्ये तेथे गर्दी उसळते ती इफ्तारनंतर, आणि रात्री उशिरापर्यंत हटत नाही. जुम्म्याच्या दुपारी शेकडो फोन एकाच मशिदीभोवती गोळा होतात. टॉवरची क्षमता ठराविक असते. ती एवढ्या फोनांत वाटली गेली की काड्या पूर्ण दिसूनही पैसे अडकू शकतात. आपल्या बाजाराची नक्कल करायची तर आपल्या बाजाराचेच घड्याळ तीत घालावे लागेल.

म्हणून कंपनीकडे तक्रार करताना नुसते “रेंज नाही” म्हणू नये. जागा, मजला, वार, वेळ आणि त्या वेळी दिसणाऱ्या काड्या आठवडाभर वहीत टिपाव्यात. काड्याच नसतील तर बहुधा भिंतीचा दोष. काड्या असून गर्दीच्या वेळीच अडत असेल तर बहुधा टॉवरवरील भाराचा. तोवर पैसे घेण्याचे यंत्र गल्ल्यामागच्या लोखंडी कपाटाजवळ न ठेवता रस्त्याच्या बाजूला ठेवून पाहावे.