मोटारीचे टायर केव्हां बदलावे?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या मोटारीनें सहकुटुंब घाट उतरत होतों. वळणावर ब्रेक दाबले, तरी गाडी चार हात पुढें घसरली व कठड्यापाशीं कशीबशी थांबली. ब्रेक उत्तम होते. दोष झिजलेल्या टायरांचा होता. "एवढा पावसाळा जाऊं द्या, मग बदलूं," असें आमचे स्नेही महिनाभर म्हणत होते. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. परंतु मागें तीन मुलें बसलीं होतीं, हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा येतो.

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते. मोटारीच्या चाकास हवा भरलेला रबरी टायर असतो. डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं असा टायर बनवून १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. टायरवरील खांचा शोभेसाठीं नसतात. ओल्या रस्त्यावरील पाणी त्यांतून बाहेर पडतें व रबराची पकड टिकते. खांचा उथळ झाल्या कीं टायर पाण्याच्या थरावर तरंगूं लागतो. मग ब्रेक काय करणार?

परीक्षा सोपी आहे. खांचांच्या तळाशीं ठिकठिकाणीं १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला, म्हणजे त्याचें आयुष्य संपलें. केवळ मधला भाग झिजल्यास हवा अधिक, दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी, व एकच कड झिजल्यास चाकांची ठेवण बिघडली असें बहुधा समजावें. बाजूस फुगवटा दिसल्यास आंतील धागे तुटलेले असतात. असा टायर तत्काळ काढावा.

न फिरणारा टायरही म्हातारा होतो. हवा, ऊन व उष्णता यांमुळें रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. म्हणून नवी दिसणारी स्टेपनीही तपासावी. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणत्याकडून तपासणी करवावी. दहा वर्षांनंतर खांचा खोल असल्या तरी टायर बदलावा.

टायर महाग असतात हें आम्ही शिक्षक चांगलें जाणतों. तरी विद्यार्थिमित्रहो, आज सायंकाळीं घरच्या मोटारीपाशीं जाऊन ते आंकडे वाचा, खांचा पाहा, आणि जें दिसेल तें वडिलांस सांगा. पालकांनींही तें "पुढें पाहूं" म्हणून टाळूं नये.