संगणकाचा वीजपुरवठा

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, आरमोरी हे तालुक्याचे गाव आहे. येथे व सभोवतालच्या खेड्यांत दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे आता संगणकावर होतात. अर्जाच्या अखेरच्या दिवशीच संगणक बंद पडला, तर किती विद्यार्थ्यांचा खोळंबा होईल! संगणक घेणारा मनुष्य त्याचा वेग विचारतो, स्मृती विचारतो. परंतु पेटीच्या मागील कोपऱ्यात बसविलेल्या लोखंडी डब्याची चौकशी क्वचितच करतो. ह्या डब्याला बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात.

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिची दिशा सतत पालटत असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हा डबा प्रथम विजेला एकदिश करतो, नंतर सेकंदाला तिचे हजारो तुकडे पाडतो आणि मग लहानशा रोहित्राने तिचा दाब उतरवितो. तुकडे इतक्या जलद पडतात, म्हणूनच मुठीत मावेल एवढे रोहित्र पुरते.

कार्यालयातील साध्या संगणकाचा प्रोसेसर ६५ वॅट, मुख्य फलक व स्मृती मिळून ४० आणि चकती व पंखे २० वॅट घेतात असे धरले, तर बेरीज १२५ होते. त्याला ३०० वॅटचा चांगला डबा भरपूर झाला. चित्रांच्या कामासाठी २०० वॅटचे वेगळे कार्ड बसविले, तर ५०० वॅटच्या आसपास जावे.

परंतु डब्यावरील मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. आजच्या संगणकाचा बहुतेक भार १२ व्होल्टच्या वाहिनीवर पडतो. एखाद्या स्वस्त डब्यावर ठळकपणे ४५० छापलेले असते आणि खालच्या बारीक तक्त्यात त्या वाहिनीपुढे केवळ १६ अँपिअर आढळतात. १२ ला १६ ने गुणले असता १९२ वॅटच येतात! गिऱ्हाइकाने हा गुणाकार दुकानातच करावा. जेथे असा तक्ताच नाही, तो डबा घेऊ नये हे बरे.

आरमोरीच्या परिसरात आणखी एक अडचण असते. लांब तारेच्या टोकाला असलेल्या खेड्यात विजेचा दाब उतरतो. दाब उतरला तरी डब्याची मागणी तेवढीच राहते. त्यामुळे तो प्रवाह अधिक ओढतो. २३० व्होल्टचे १६० झाले, तर प्रवाह जवळजवळ दीडपट होतो आणि डबा तापतो. म्हणून ज्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिले आहे, तो डबा पसंत करावा. त्यातच विदर्भाचा उन्हाळा! पारा ४५ अंशांवर जातो, आणि कित्येक डब्यांची शक्ती २५ अंशांवर मोजलेली असते. ती ४० किंवा ५० अंशांवर मोजलेली असेल, तर तो डबा अधिक भरवशाचा. आतील विद्युत्संचयकांचे तापमान १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

पावसाळ्यात वीज कडाडू लागली, की संगणक बंद करून प्लग काढून ठेवावा. भूयोजन नीट नसेल, तर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात. अशा वेळी तारतंत्र्याकडून ते प्रथम दुरुस्त करून घ्यावे. डबा स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही संचयकांत काही काळ धोकादायक दाब टिकून असतो.