कोठेही न जाणारा रस्ता

रस्ता बांधतात तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाता यावे म्हणून. पेणहून निघालेला रस्ता वडखळला पोहोचतो. तेथून एक फाटा अलिबागकडे जातो व दुसरा नागोठण्याकडे वळतो. परंतु पावणेतीन मैल धावून जेथून निघाला तेथेच परत येणारा रस्ता कोणी बांधला, तर त्यास आपण काय म्हणू? इंग्लंडमध्ये १९०७ साली ह्यू लॉक किंग नावाच्या एका धनिक गृहस्थाने असा रस्ता खरोखरच बांधला, आणि त्यापायी आपली संपत्ती व प्रकृती दोन्ही पणाला लावली. त्या मार्गाचे नाव ब्रुकलंड्स. मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला व वळणांना उंच उतार दिलेला जगातील पहिला मार्ग तो हाच.

त्या काळी मोटार ही वस्तू नवीन होती. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरील मोटारीचा वेग ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर, बांधून टाकला होता. फ्रान्स व इटली या देशांत मात्र सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती भरत. लॉक किंग १९०५ साली इटलीतील ब्रेशिया येथे अशी एक शर्यत पाहावयास गेला, तेव्हा तीत इंग्रजी मोटारी जवळजवळ नाहीतच हे पाहून त्याला खंत वाटली. वेगाने चालविण्यास जागाच नसेल, तर वेगवान मोटारी बांधणार कोण? वेब्रिज गावाजवळ त्याची स्वतःची विस्तीर्ण जमीन होती. तीवरच त्याने मार्ग बांधावयाचे ठरविले.

मार्गाची आखणी कर्नल होल्डन या लष्करी अधिकाऱ्याने केली. वळणावर मोटारीचा वेग कमी करावा लागू नये, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न होता. मुलांनो, जत्रेत 'मौत का कुआँ' तुम्ही पाहिला असेल. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल गरगर फिरते, पण खाली पडत नाही. धावणाऱ्या वस्तूची ओढ नेहमी सरळ रेषेत जाण्याकडे असते. सपाट रस्त्यावर तिला वळविण्याचे सारे काम चाकांच्या घर्षणावर पडते; वेग फार वाढला की घर्षण अपुरे पडते आणि गाडी बाहेर फेकली जाते. रस्त्याची बाहेरची कड उचलून तो आतल्या बाजूस कलता केला, तर रस्ताच गाडीला आत रेटू लागतो. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळाहून किंचित उंच असतो, त्याचे कारणही हेच. मात्र रेल्वेला काही अंगुळे पुरतात. होल्डनने ब्रुकलंड्सची कड सुमारे २९ फूट उचलली! मार्गाची रुंदी १०० फूट होती.

एवढ्या चढावर डांबर पसरून रूळ फिरविणे शक्य नव्हते, म्हणून काँक्रीट ओतावे लागले. वे नदीवर पूल घालावा लागला. शेकडो मजूर राबले आणि काही महिन्यांत काम पुरे झाले. पण खर्च मूळच्या अंदाजाच्या कितीतरी पट, दीड लाख पौंडांच्या घरात गेला. लॉक किंग काळजीने खचला व आजारी पडला. तेव्हा त्याची पत्नी एथेल हिने कारभार हाती घेतला, नातलगांकडून पैसा उभा केला आणि १७ जून १९०७ रोजी उद्‌घाटनाच्या मिरवणुकीत स्वतः मोटार चालवीत ती अग्रभागी राहिली. असे असूनही तेथील नियमित शर्यतींत स्त्रियांना प्रारंभी मज्जाव होता, हे आश्चर्य नव्हे काय? पुढे १९३५ साली पाच फुटांहूनही कमी उंचीच्या के पेट्री या महिलेने याच मार्गावर ताशी १३४ मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण केली.

उद्‌घाटनानंतर थोड्याच दिवसांत सेल्विन एज याने नेपिअर मोटार एकट्याने सलग २४ तास चालवून १,५८१ मैल, म्हणजे सुमारे २,५४४ किलोमीटर अंतर तोडले. रात्री मार्ग दिसावा म्हणून कडेने कंदील मांडले होते. मोटारींच्या शर्यतीचे नियम तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. ते घोड्यांच्या शर्यतींवरून घेतले गेले, इतके की मोटारी ओळखता याव्या म्हणून चालकांना घोडेस्वारांसारखे रंगीत अंगरखे घालावे लागत!

वेगाची किंमतही याच ठिकाणी मोजावी लागली. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी पर्सी लॅम्बर्ट याने एका तासात १०३ मैलांहून अधिक अंतर कापले. एका तासात १०० मैलांची मर्यादा ओलांडणारा तो पहिला मनुष्य. पुढे तो विक्रम दुसऱ्याने मोडला. ३१ ऑक्टोबर १९१३ रोजी लॅम्बर्ट तो परत मिळविण्यास निघाला असता चाकाचा टायर फुटला व त्याचा मृत्यू झाला. लवकरच त्याचा विवाह व्हावयाचा होता. शेजारच्या रहिवाशांची तक्रार निराळी होती. मोटारींच्या गर्जनेने त्यांची शांतता नष्ट झाली, म्हणून ते न्यायालयात गेले. पुढे प्रत्येक मोटारीस आवाज दाबणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. मला स्वतःला त्यांची बाजू रास्त वाटते. ज्या विनोबांनी भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षे पायी देश पालथा घातला, त्यांचे जन्मगाव गागोदे बुद्रुक हे माझे गाव आहे; कदाचित त्यामुळेही तसे वाटत असेल.

मार्गाखालची भराव घातलेली जमीन हळूहळू दबत गेली व काँक्रीटला भेगा पडून उंचवटे निर्माण झाले. १९३५ मध्ये जॉन कॉब याने ताशी १४३.४४ मैल हा फेरीचा अखेरचा उच्चांक केला, तेव्हा अशा उंचवट्यावरून त्याची अवजड मोटार हवेत उडे. त्याच वर्षी 'हरिकेन' या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण ब्रुकलंड्सच्या आवारातूनच झाले, कारण मार्गाच्या मधल्या मैदानात विमानांचे कारखाने वाढले होते. ऑगस्ट १९३९ नंतर तेथे शर्यत झाली नाही. महायुद्धात कारखान्यांच्या वाटेसाठी उतार फोडण्यात आला. ४ सप्टेंबर १९४० रोजी तेथील कारखान्यावर बाँब पडून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. युद्धानंतर, १९४६ मध्ये, ती जागा विमाने बांधणाऱ्या कंपनीस विकली गेली. उरलेल्या भागात आज संग्रहालय आहे.

युद्धाने एक मार्ग मोडला, तसे अनेक मार्ग नकळत दिलेही. ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर शर्यती भरू लागल्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हा असाच एक विमानतळ. आपल्याकडे मद्रासजवळील शोलावरम हा दुसरा. तेथे पुष्कळ वर्षे शर्यती झाल्यावर मद्रासच्या मोटार क्रीडा मंडळाने १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतंत्र मार्ग उभारला. दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरच्या मार्गावर ऑक्टोबर २०११ मध्ये 'फॉर्म्युला वन' ही जागतिक शर्यत भारतात प्रथम झाली. पण करांसंबंधीच्या वादात सापडून तीन वर्षांतच, २०१३ नंतर, ती बंद पडली.

या नव्या मार्गांवर ब्रुकलंड्ससारख्या उंच भिंती आढळत नाहीत. वळणाबाहेर रुंद मोकळी जागा ठेवतात, काही ठिकाणी तीत खडी पसरतात. ब्रुकलंड्सच्या उंच कडेवरून मोटार पलीकडे गेली की खाली झाडे असत; येथे घसरलेली मोटार खडीत रुतते आणि चालक बहुधा आपल्या पायांनी चालत बाहेर येतो.