कॉम्प्रेशन गेले, म्हणजे नेमके काय गेले?

रायपूरच्या गोल बाजारात सकाळी दुकानांच्या फळ्या उघडण्याच्या सुमारास, पोती, डबे आणि गाठोडी मागेपुढे बांधलेल्या जुन्या मोटारसायकली गर्दीतून ज्या गतीने सरकत असतात, ती गती पायी चालणाऱ्याच्या गतीहून फारशी अधिक नसते. आणि ज्या इंजिनाला शीतलतेसाठी केवळ धावत्या वाऱ्याचा आधार आहे, त्याला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरात याहून प्रतिकूल नोकरी क्वचितच मिळेल. यांतील काही गाड्यांच्या पाट्यांवर अजून मध्य प्रदेशाची अक्षरे आढळतात, म्हणजे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात येण्यापूर्वीच त्यांची सरकारदफ्तरी नोंद झालेली. अशा गाडीची किक हलकी लागू लागली, ओझे घेऊन निघताना ती मागे रेंगाळू लागली, की मालक, शेजारचा दुकानदार आणि मिस्त्री या तिघांचा फैसला बहुधा एकमताचा असतो: कॉम्प्रेशन गेले, रिंग-पिस्टन बदला. हा फैसला कधीकधी बरोबरही ठरतो. पण तो पुष्कळदा विनाचौकशी दिलेला असतो, आणि त्याचा दंड मात्र मालकाच्या खिशातून वसूल होतो.

मुळात कॉम्प्रेशन ही इंजिनातील एखादी वस्तू आहे, जी झिजते आणि बदलता येते, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः ती एक स्थिती आहे. पिस्टन वर येताना कोंडलेली हवा तेवढ्या क्षणापुरती कोंडलेलीच राहिली, की तिच्यावर दाब चढतो. आणि तिला कोंडून ठेवण्याची जबाबदारी एकट्या रिंगांची नसून सिलिंडरची भिंत, आत घेणारा व बाहेर टाकणारा असे दोन व्हॉल्व्ह, हेडखालचे गॅसकेट आणि प्लगचे वॉशर या सर्वांची समाईक आहे. सबब दाब कमी आहे एवढे कळल्याने चौकशी संपत नाही. हवा कोणत्या वाटेने निसटते, हा प्रश्न त्यानंतरच खऱ्या अर्थाने उभा राहतो.

किकेवरून निदान करण्याची रीत जुनी आहे आणि ती सर्वस्वी टाकाऊ नाही. लिव्हर हळूहळू दाबत जिथे अटकाव लागतो तिथे शरीराचा भार ठेवून उभे राहावे; सुदृढ इंजिन तो भार काही क्षण पेलून धरते आणि मगच सावकाश सोडते, तर गळके इंजिन तो जवळजवळ पेलतच नाही. तथापि १९५५ पासून मद्रासेस बांधल्या जाऊ लागलेल्या बुलेटच्या बाबतीत ही साक्ष दोन कारणांनी खोटी ठरू शकते. पहिले असे, की तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनात किक सोपी व्हावी म्हणून हँडलवर एक लहानशी डिकॉम्प्रेशनची कळ दिलेली असे, जी दाबली असता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलला जाऊन कोंडलेली हवा मोकळी होई. या कळेच्या तारेला ढिलाई उरली नाही, तर व्हॉल्व्ह सदासर्वकाळ अर्धवट उघडा राहतो, आणि तारेच्या दोन फेऱ्यांनी सुटणाऱ्या तक्रारीसाठी सिलिंडर लेथवर पाठवला जातो. दुसरे कारण असे, की त्या गाडीत किकेचा जोर गिअरपेटी व क्लच यांतून फिरून इंजिनापर्यंत पोहोचतो. क्लच घसरत असेल तर पाय खाली जातो, पण पिस्टन जागचा हलत नाही, आणि पायाला मात्र आतील दाब नाहीसा झाल्याचा भास होतो. दाब खरोखर गळत असेल तर अटकाव क्रमाक्रमाने विरतो, आणि कान दिला तर फुसफुस ऐकू येते. क्लच घसरत असेल तर तो एकाएकी सुटतो. हा भेद एकदा पायाला कळला म्हणजे पुन्हा विसरत नाही.

परंतु माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज टॅपेटच्या आवाजाविषयीचा आहे. जुन्या इंजिनाच्या डोक्यातून येणारी हलकी टकटक अनेक मालकांना असह्य होते, ते ती बंद करण्याचा हुकूम देतात, आणि गिऱ्हाइकाला नाराज न करण्याच्या सद्हेतूने मिस्त्री टॅपेट आवळून देतो. आवाज थांबतो, उभयपक्षी समाधान होते. पण व्हॉल्व्हची दांडी तापली म्हणजे लांबते, हा धातूचा धर्म आहे, आणि त्या लांबण्यासाठी राखून ठेवलेली फट, जी लहान इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, नाहीशी केली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकतच नाही. मग केवळ दाब जातो एवढेच नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता मुख्यत्वे बैठकीच्या स्पर्शातून बाहेर टाकता येत असल्यामुळे, तो स्पर्श तुटला की त्याची कड जळू लागते. थंड असताना पहिल्या किकेत सुरू होणारी आणि बाजारात तासभर फिरून आल्यावर बंद पडली की हटून बसणारी गाडी पुष्कळदा याच व्याधीची असते, जरी गरम झाल्यावर दगा देणारी कॉइलही तंतोतंत हीच लक्षणे दाखवते, म्हणून ठिणगी आधी पाहिलेली बरी. बिडाच्या बुलेटमध्ये थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला पिस्टन असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये एवढीच फट ठेवण्याचा प्रघात आहे. इतर गाड्यांत फिलर गेजचे पाते घालून उत्पादकाने सांगितलेली फट मोजावी. कॉम्प्रेशनच्या कोणत्याही तक्रारीत हेडला हात लावण्यापूर्वी हे काम झालेच पाहिजे, आणि गंमत अशी, की तेच बहुधा राहून जाते.

आता दाब मोजणाऱ्या गेजकडे वळू. यंत्राचा काटा खोटे बोलत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पण काटा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि प्रश्न विचारणारा बहुधा चुकीचा विचारतो. थ्रॉटल बंद ठेवून किक मारली तर आत हवाच पुरेशी शिरत नाही, मग दाब कशाचा चढणार? इंजिन कोमट, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत सलग जोरकस किका, ही मोजणीची किमान शिस्त आहे. याशिवाय एक बारकावा असा, की लहान इंजिनात गेजची नळीही साक्षीला फितवते. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० चे इंजिन ९७.२ घनसेंटिमीटरचे आणि तिचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ८.८; हिशेब केला तर पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम साडेबारा घनसेंटिमीटर भरते. गेजची एकमार्गी झडप प्लगच्या टोकाशी नसून घड्याळाशी असेल, तर मधल्या नळीतील पोकळी या जागेत मिळवली जाते; ती अवघी दोन घनसेंटिमीटर असली तरी गुणोत्तर ८.८ वरून ७.७ वर येते, आणि निरोगी इंजिन कागदोपत्री आजारी ठरते. मोटारींसाठी आणलेला गेज मोटारसायकलला लावताना हे ध्यानात ठेवावे. शिवाय सीडी १०० चा प्लग १० मिलिमीटर आट्यांचा, बुलेटचा १४ चा. बळेच बसवलेला जोड जिथे गळतो, तिथे तो इंजिनाचा दोष मानू नये.

गुणोत्तर आणि दाब एकच, असे समजून ८.८ गुणोत्तराच्या गाडीत काट्याने ८.८ किलो दाखवावेत अशी अपेक्षा करणारेही भेटतात. दाबली जाणारी हवा तापते, त्यामुळे दाब गुणोत्तराहून बराच वर जाऊ पाहतो. उलटपक्षी आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावर थोडा उशिराने मिटत असल्याने काही हवा परत जाते आणि दाब खाली ओढला जातो. या दोहोंची तडजोड प्रत्येक इंजिनात निराळी असल्यामुळे तुलना करायची ती उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्याच गाडीच्या, त्याच गेजने पूर्वी टिपून ठेवलेल्या आकड्याशी. आकडा किलोंत आहे की पौंडांत, हेही पाहावे. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १४.२ पौंड प्रति चौरस इंच. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील रायपुरात हवेचा दाबच मुळात तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी असतो, पण एवढ्यावरून कोणी हेड उतरवू नये.

पहिला आकडा कमी आला, की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा दोषी, न वाढला तर व्हॉल्व्ह, हा नियम सर्वतोमुखी आहे. तो नियम मोठ्या सिलिंडरांच्या इंजिनांना शोभणारा आहे. ३४६ घनसेंटिमीटरच्या बुलेटमध्ये पिस्टनवरची जागा साठ घनसेंटिमीटरहून अधिक असल्याने तिथे पाच घनसेंटिमीटरचा चमचा फार गडबड करत नाही. पण सीडी १०० च्या साडेबारांपैकी पाच ऑइलनेच व्यापले, तर गुणोत्तर तत्काळ चौदावर जाते, रिंगा उत्तम असोत वा नसोत आकडा वाढतोच, आणि निरपराध रिंगांवर गुन्हा शाबीत होतो. म्हणून लहान गाडीत फार तर अर्धा-एक घनसेंटिमीटर, म्हणजे काही थेंब सोडावेत, चार किका मारून ते भिंतीवर पसरू द्यावेत, आणि मगच मोजावे. चोक ओढून वारंवार किका मारलेल्या इंजिनात पेट्रोलने भिंतीवरील ऑइल धुऊन गेलेले असते, तेव्हा या थेंबांनी दाब परत येऊन गाडी सुरूही होते. तो झिजेचा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठकीवर धरलेला गंज किंवा काजळीत रुतलेल्या रिंगा हेही दाब घालवतात, आणि काही दिवस चालवल्यावर तो पुष्कळदा आपोआप भरून येतो.

याहून भरवशाची कसोटी स्वस्त आहे. जुन्या प्लगच्या लोखंडी कवचात नळी बसवून घ्यावी, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा स्थितीत पिस्टन अगदी वरच्या टोकावर आणावा, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा बेताने आत सोडून कान द्यावा: कार्बुरेटरमधून सूं ऐकू आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर बाहेर टाकणारा, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा किंवा सिलिंडर, आणि हेडच्या सांध्याला साबणाचे पाणी लावल्यावर फुगे आले तर गॅसकेट. हवेने पिस्टन खाली ढकलला जाऊन इंजिन अकस्मात फिरू शकते, एवढ्यासाठी किकेच्या लिव्हरजवळ पाय किंवा हात ठेवू नये. रिंगांपाशी थोडी हवा निरोगी इंजिनातही गळते. व्हॉल्व्हपाशी मात्र गळती जवळजवळ नसावीच.

धुराविषयी थोडक्यात. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, हे समीकरण अर्धेच खरे आहे. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताच भपकन धूर सोडला आणि मग निवळली, किंवा थ्रॉटल मिटून उतार उतरल्यानंतर पुन्हा वेग देताना सोडला, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरील ऑइल सील पाहावे; ओझ्याखाली सतत निघणारा धूर रिंगांकडे बोट दाखवतो. याच्या उलट, ऑइल वर चढू देणाऱ्या झिजल्या रिंगांचे इंजिन गेजवर उत्तम आकडा दाखवू शकते, कारण तेच ऑइल फटी बुजवते आणि साचलेली काजळी वरची जागा आकुंचित करते. जाड ऑइल घालून दाब आणल्याचे समाधान मिळवणारेही या ऑइलच्याच कृपेवर दिवस काढत असतात.

१९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीला व्हॉल्व्ह-टॅपेटची ही सारी चर्चा गैरलागू आहे. तिथे दाब दोन ठिकाणी लागतो, पिस्टनच्या वर आणि खाली क्रँककेसमध्येही. वरचा आकडा निर्दोष असूनही क्रँकचे ऑइल सील फाटले असेल तर गाडी उचल घेत नाही, आणि क्लचच्या बाजूचे सील असेल तर गिअर ऑइल जळून पांढरट धुराचा लोट निघतो.

शेवटी चौकशीअंती रिंगाच दोषी ठरल्या, तरी नुसत्या रिंगा बदलून भागते ही समजूत महाग पडते. सिलिंडरचा सर्वात वरचा भाग, जिथे रिंग पोहोचत नाही, न झिजता राहतो आणि तिथे एक कड तयार होते. जुन्या भिंतीत घातलेली कोरी रिंग त्या कडेवर आदळून तुटू शकते. म्हणून जुनी रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट तळाशी, जिथे झीज नगण्य असते, आणि वरच्या भागात, अशी दोनदा फिलर गेजने मोजावी; व्यास एक दशांश मिलिमीटरने वाढला की परीघ, आणि म्हणून फट, तीन दशांशाहून थोडी अधिक वाढते, त्यामुळे साध्या पात्याने सिलिंडरची झीज बऱ्यापैकी वाचता येते. दोन फटींत मोठा फरक दिसला तर बोअर मारून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घालण्यावाचून इलाज नाही. हेड उतरलेच आहे, तर त्याच्या खोलगटात प्लग लावून रॉकेल भरावे आणि दोन्ही पोर्टांतून ते झिरपते का हे पाहावे. झिरपले तर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून घ्यावेत. जोडणीनंतर लगेच गेज लावून आकडा कमी दिसला, म्हणून लेथवाल्याशी भांडायला जाऊ नये, कारण कोऱ्या रिंगा होनिंग केलेल्या भिंतीवर बसायला काही शे किलोमीटर लागतात. तेवढे अंतर पोती न लादता, वेग बदलत कापावे, हेडचे नट व टॅपेट पुन्हा तपासून घ्यावेत, आणि त्यानंतर जो आकडा येईल तो गाडीच्या कागदपत्रांत तारीखवार लिहून ठेवावा.