पावसाआधीची लस

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला येवल्यात मात्र जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर. पश्चिमेकडच्या धुवांधार पावसात टिकून राहिली ती डांगी गुरे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके ही त्यांची खूण. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगात न मुरता ओघळून जाते. खूर काळे आणि कठीण असतात, म्हणून भातखाचरांच्या चिखलणीला हे बैल उपयोगी पडतात.

मग पावसाला एवढी सरावलेली गुरे पावसाळ्याच्या तोंडावर आजारी का पडतात? कारण कातडी पाण्याला अडवते, जंतूंना नाही.

यातले दोन रोग आपण पाहू. पहिला घटसर्प. याचे जंतू काही निरोगी जनावरांच्या नाकाघशात एरवीही असतात. उन्हाळ्याच्या शेवटी चारा संपत आलेला असतो, जनावर खंगलेले असते. त्यातच पाऊस, गारठा आणि औताचे काम एकदम सुरू होते. अंगची प्रतिकारशक्ती घटली की जंतू झपाट्याने वाढतात. सडकून ताप येतो, गळा सुजतो, श्वासाची घरघर सुरू होते आणि पुष्कळदा एका दिवसात जनावर दगावते. लाळेवाटे व ओल्या चाऱ्यावाटे रोग गोठ्यातल्या इतर गुरांना लागतो.

दुसरा फऱ्या. याचे जंतू ‘बीजाणू’ या टणक रूपात मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. चरताना ते पोटात जातात आणि स्नायूंत सुप्त पडून राहतात. मुका मार लागून स्नायूचा प्राणवायू कमी झाला की ते जागे होतात, कारण प्राणवायू नसलेल्या जागीच त्यांची वाढ होते. फरा सुजतो, जनावर लंगडते, सूज दाबली तर आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो. सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट वासरे याला अधिक बळी पडतात. अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणारे शेतकरीही वासरांना फऱ्याची लस टोचतात.

दोन्ही रोगांची लस आहे, पण वेळ महत्त्वाची. लस टोचल्यावर शरीराला प्रतिद्रव्ये तयार करायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून लस मेमध्येच द्यायची. गावात पहिले जनावर दगावल्यावर धावपळ केली, तर रोग लशीच्या पुढे गेलेला असतो. लस थंड ठेवावी लागते, पण गोठू द्यायची नाही. रोगाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या जनावरातही असू शकतात, म्हणून साऱ्या गावाची गुरे एकाच वेळी टोचून घेणे हिताचे.

फऱ्याने मेलेले जनावर फाडू नये, उघड्यावर टाकू नये. ते चुना घालून खोल पुरावे. नाहीतर त्याच मातीत बीजाणू मिसळतात आणि पुढच्या वर्षाचे संकट आपणच पेरून ठेवतो.

चाऱ्याचेही असेच. पहिल्या पावसाचे कोवळे गवत पाणीदार असते. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. गवत एकदम भरपूर मिळाले तर हगवण लागते, पोट फुगते. म्हणून सुरुवातीला थोडा सुका पेंढा घालून मगच गुरे चरायला सोडावीत.

ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याचा एक बैल आषाढाच्या तोंडावर गेला तर चिखलणी अडते, लावणी लांबते आणि वर्षाचे भात हातचे जाते. शिक्षकांनी एक सोपे काम वर्गाला द्यावे. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीतील गुरे मोजावीत, गेल्या वर्षी लस कधी दिली होती ते घरोघरी विचारून तक्ता करावा आणि तो जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्यावा. जीवशास्त्राच्या पुस्तकातले ‘प्रतिद्रव्य’ त्यांना मग गोठ्यातच भेटेल.