श्रेय ऑक्सिजनचं नव्हे

पुण्यात तळजाईवर किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांना विचारावं, तर ‘इथे ऑक्सिजन भरपूर मिळतो’ हे उत्तर ठरलेलं. एखादे काका ‘पिंपळ तर रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो’ अशी पुस्तीही जोडतात. प्रत्यक्षात हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, मग टेकडी असो की लक्ष्मी रोड. शिवाय ऑक्सिजन तयार करायला झाडाला उजेड लागतो. पिंपळही त्याला अपवाद नाही. झाडीत धूर-धूळ कमी, एवढं मान्य. पण डोकं हलकं होतं ते ऑक्सिजन वाढल्यामुळे नव्हे.

मग हा चालण्याचाच गुण असेल? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकं हेच ताडून पाहिलं. विद्यार्थ्यांना आकडे ऐकवायचे आणि उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे. ७-२-९-४ ऐकलं की ४-९-२-७. पोरखेळ वाटतो, पण आकडे सहा-सात झाले की भलेभले अडखळतात. नंतर प्रत्येकाला सुमारे ५०-५५ मिनिटं चालायला पाठवलं: एकदा ॲन आर्बरच्या वृक्षोद्यानातून, एकदा शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यांवरून. अंतर सारखंच. वृक्षोद्यानातून परतल्यावर उलटे आकडे स्पष्टपणे सुधारले. रस्त्यावरून आल्यावर तशी सुधारणा दिसली नाही.

गंमत पुढेच आहे. कुणाची मनःस्थिती किती सुधारली, याचा आकड्यांतल्या सुधारणेशी मेळ बसेना. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्यांनाही फायदा झालाच. म्हणजे ‘मजा आली म्हणून लक्ष लागलं’ हाही तर्क लंगडाच.

यातल्या स्टीफन कॅप्लन यांनी पत्नीसह यामागचं कारण आधीच मांडलं होतं. हिशेब तपासताना, रस्ता ओलांडताना, हॉर्न कानाआड करताना माणूस लक्ष जोर लावून धरून ठेवतो, आणि ही ताकद थकते. हलणारी पानं, वाहतं पाणी, ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं. तेवढ्या वेळात त्या थकलेल्या ताकदीला विसावा मिळतो. हा सिद्धांत आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण ऑक्सिजनवाल्या काकांपेक्षा पुष्कळ पटण्याजोगा.

यासाठी सह्याद्रीत मुक्कामच ठोकायला हवा, असंही नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. फरक एका दिवसाहूनही कमी, रुग्ण मोजके. यावरून ‘झाडं रोग बरे करतात’ असं कुणी म्हणत असेल तर ती निव्वळ अतिशयोक्ती.

‘आठवड्याला १२० मिनिटं’ हा आकडाही हल्ली डोससारखा सांगितला जातो. तो आला इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीतून. तेवढा वेळ निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. पण मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, तर?

ताणाचं थेट मोजमाप मेरीकॅरल हंटर यांच्या २०१९ च्या अभ्यासात सापडतं. ३६ शहरवासीयांनी आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा, आपल्या आवडीच्या हिरव्या जागी जाऊन बसायचं किंवा रमतगमत चालायचं, आणि आधी-नंतर लाळेचे नमुने द्यायचे. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, २० ते ३० मिनिटांच्या भेटीत सर्वांत झपाट्याने उतरलं. त्यापुढे उतरण्याचा वेग मंदावला. अटी मात्र कडक होत्या: फोन नाही, इंटरनेट नाही, वाचन नाही आणि गप्पाही नाहीत.